शिंगवाल्याचे डोळे

भोकरदनहून जालन्याला येताना बसमध्ये धोतरातले एक बाबा शेजारी बसले होते. मी मोबाइलवर आमच्या कार्डगेमच्या ग्रुपमधलं भांडण वाचत होते. नव्या कार्डावरचा शिंगवाला राक्षस मांस खातो की गवत, यावरून शिकलेसवरलेले लोक तीन दिवस एकमेकांची अक्कल काढत होते. मला गवत वाटत होतं. पण दोन वर्षांत मी तिथे एक शब्द लिहिला नव्हता.

“कोन्तं जनावर हे, माय?” म्हणत बाबांनी मोबाइल घेतला आणि दात बघायला अंगठ्याने राक्षसाचा ओठ वर सारून पाहिला. ओठ हलला नाही.

“काय खात असेल, बाबा?”

“गवत. डोळे बाजूला हेत. शिकाऱ्याचे म्होरं असतेत. माझ्या चाळीस शेळ्या हेत, एकीचेबी म्होरं न्हाईत.” मग माझ्याकडे बघून हसले. “भित्र्या जनावराला समदं दिसतं. फकस्त वरडत न्हाई.”

ते राजूरला उतरले. मी ग्रुपवर लिहिलं, “डोळे बाजूला आहेत. गवतच खातो.”

लगेच एकाने विचारलं, “सोर्स?”

मी लिहिलं, “चाळीस शेळ्या.”