राखाडी चौकोन कोणाचा?

कुळगावात नऊ वर्षं मी कॉम्प्युटरचा क्लास घेतला. क्लास बंद पडला तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती. मग अंबरनाथ एमआयडीसीच्या कडेला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला लागले. कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रक्त घेतल्यापासून रिपोर्ट पेशंटच्या मोबाईलवर जाईपर्यंतचं सगळं त्यात होतं. आमचा टीम लीड माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तो मला 'मॅडम' म्हणायचा आणि मी त्याला 'सर'. कोणी कोणाला मान द्यायचा हे दोघांनाही नीट ठरवता आलं नव्हतं, आणि ते तसंच चालू होतं.

पूर्वी हे सॉफ्टवेअर म्हणजे एकच भलामोठा प्रोग्राम होता. मग त्याचे छोटे छोटे तुकडे केले. एक अपॉइंटमेंट घेणार, एक बारकोड छापणार, एक रिपोर्ट तयार करणार, एक मेसेज पाठवणार. हे तुकडे दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. कोण कोणाशी बोलतंय हे काही दिवसांनी कोणालाच सांगता येईना, म्हणून सरांनी सर्व्हिस मेश बसवलं. माझ्या समजुतीप्रमाणे ते असं होतं : प्रत्येक तुकड्याच्या शेजारी आणखी एक छोटा प्रोग्राम बसतो. सगळं बोलणं त्याच्यातून जातं. तो समोरच्याचं ओळखपत्र तपासतो, बोलणं बाहेरच्या कोणाला वाचता येणार नाही असं करतो आणि नोंद ठेवतो. त्या नोंदींवरून स्क्रीनवर नकाशा उमटतो. त्या नकाशावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी तो नकाशा पाहून मला काहीही कळलं नाही. सगळीकडे रेघाच रेघा. आठवड्याभरानं थोडं कळायला लागलं आणि तेव्हाच तो राखाडी चौकोन दिसला. बाकी सगळ्या चौकोनांवर नावं होती, याच्यावर नुसतं 'अननोन'. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दर पाच मिनिटांनी तो रिपोर्टवाल्या तुकड्याला काहीतरी विचारायचा, उत्तर घ्यायचा आणि गप्प बसायचा. काय विचारतो ते नोंदीत नसायचं. कधी विचारलं, किती वेळ लागला, एवढंच. त्याच्याकडे ओळखपत्र नव्हतं. सुरुवातीला आम्ही ओळखपत्र नसलेल्यांनाही येऊ देत होतो, म्हणून तो येत होता.

मी ऑफिसात एकेकाला विचारलं. मेसेजवाल्या टीमनं सांगितलं, बिलिंगवाल्यांचं असेल. बिलिंगवाले म्हणाले, आमचं नाही, पण बंद करू नका. "तुमचं नाही तर बंद का नको?" असं विचारलं तर म्हणाले, "असंच. असू द्या." ग्रुपवर टाकलं, तर चौघांनी अंगठा दाखवला. अंगठ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

सर म्हणाले, "मॅडम, मंगळवारी रिपोर्टवाल्या तुकड्यावर स्ट्रिक्ट मोड चालू करू. ओळखपत्र नाही तर आत नाही. ज्याचं असेल तो ओरडेल."

"आणि नाही ओरडला तर?"

"मग कोणाचंच नव्हतं."

हे तेव्हा मला पटलं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी स्वतःच्या हातानं ती सेटिंग बदलली. राखाडी चौकोनाची रेघ लाल झाली. बाकी सगळं हिरवं. दुपारपर्यंत कोणी ओरडलं नाही. संध्याकाळी समोसे आले, सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी खरवईला घरी गेले आणि निवांत झोपले.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सपोर्टचा फोन वाजला. जागेवर मी एकटीच होते. उल्हासनगरच्या एका लॅबमधून एक बाई बोलत होत्या. लॅब त्यांचीच.

"मॅडम, दो दिन से तुमचा फोन येत नाही."

"कुठला फोन?"

"तो मशीनवाल्या बाईचा. 'रिपोर्ट बघा' बोलते ना, ती."

"आम्ही असा फोन करतच नाही, दीदी."

"करता ना! तीन साल झाले, करता."

मी मेसेजवाल्या तुकड्याच्या नोंदी काढल्या. तिथून मेसेज जातात, फोन जात नाहीत. दीदींना तसं सांगितलं. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा असेल, असंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही एकदा येऊन बघा ना. मला फोनवर समजावता येत नाही."

राखाडी चौकोनाशी याचा काही संबंध असेल असं तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. जेवण झालं होतं, काम फार नव्हतं, म्हणून मी शेअर रिक्षा पकडून गेले.

लॅब जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत, तळमजल्यावर होती. बाहेर जीन्सचे गठ्ठे, आत स्पिरिटचा वास. दीदी पंचावन्न-साठीच्या, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. तिथे तपासणीच्या मशीनमागे एक जुना कॉम्प्युटर होता, त्याला सिमकार्डाचं एक यंत्र जोडलेलं. स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडी होती. तिच्यात एकाखाली एक तीच ओळ येत होती : नकार. नकार. नकार. शेजारी वेळ. दर पाच मिनिटांनी.

मी वर सरकत सरकत गेले. पहिला नकार मंगळवारी, अकरा वाजून दोन मिनिटांनी.

"हे काय करतं, दीदी?" मी विचारलं.

"कोणाची शुगर, पोटॅशियम एकदम खराब आलं तर मला फोन करतं. मग मी पेशंटला फोन करते. डॉक्टरसाहेब तो शाम को सही करतात. तोपर्यंत थांबून कसं चालेल?"

"मग मंगळवारपासून?"

"कल मला शक आला. रोज एक-दोनदा तरी वाजतो, आणि कल पूरा दिन शांत? मी सगळे रिपोर्ट हाताने बघितले. एक आजोबा निघाले. मंगळवारचा रिपोर्ट. पोटॅशियम."

मी खुर्ची ओढून बसले. त्याच म्हणाल्या, "ठीक आहेत. लगेच अ‍ॅडमिट केलं. सुबह सुनेचा फोन आला होता, जेवले म्हणून."

त्यांनी चहा मागवला. कप माझ्या हातात होता, पण प्यायचा कसा ते सुचेना. मी दीदींना सांगितलं की तुमचा फोन मीच बंद केला. त्यांना वाटलं मी मशीनबद्दल बोलतेय. "मशीन है, बिघडतं," म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं, बिघडलं नाही, मी बंद केलं, मुद्दाम. तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "का?"

मी त्यांना मेश समजावून सांगायला लागले आणि मधेच थांबले.

तिथूनच सरांना फोन केला. "ते परत उघडा."

"उघडतो," ते म्हणाले, "पण आधी ते विचारतं काय, ते बघा."

त्या कॉम्प्युटरवर प्रोग्रामची फाईल होती, ती मी वाचली. तो आमच्याकडे फक्त लॅबचा नंबर पाठवायचा. पासवर्ड नाही, काही नाही. म्हणजे त्या वाटेनं कोणीही कुठल्याही लॅबचा नंबर पाठवला असता, तरी त्या लॅबच्या सगळ्या पेशंटचे रिपोर्ट हातात पडले असते. तीन वर्षं ती वाट उघडी होती आणि तिच्यावरूनच लोकांचे जीव वाचत होते. उघडा म्हणावं तर चूक, बंद ठेवा म्हणावं तर चूक. मी सरांना म्हणाले, "थांबा, नका उघडू." आणि फोन ठेवल्यावर वाटलं, हे मी काय म्हणाले?

मग ठरलं ते असं : नवा प्रोग्राम ओळखपत्रासकट तयार होईपर्यंत मी स्वतः दर तासाला त्या लॅबचे रिपोर्ट बघायचे आणि दीदींना फोन करायचा. दीदी आणि त्यांचे डॉक्टर दोघांनी तशी परवानगी लिहून दिली. नऊ दिवस मी ते काम केलं. तिसऱ्या दिवशी दीदी म्हणाल्या, "मॅडम, बुरा मत मानो. तुम्ही हॅलो म्हणता, मग कशा आहात विचारता. ती मशीनवाली सीधा नंबर सांगायची." तेव्हापासून मीही सरळ नंबर सांगायला लागले.

तो प्रोग्राम लिहिला कोणी, हे दीदींच्या वर्णनावरून कळलं. मी कंपनीत लागले तेव्हा एक जुने सहकारी नोकरी सोडायच्या बेतात होते. ते आता कोकणात गावी काजूचा धंदा करतात. मी त्यांना फोन लावला.

"उल्हासनगरला? मी?" ते म्हणाले. "काही आठवत नाही गं."

"सिमकार्डाचं यंत्र जोडलंय. बाईच्या आवाजात बोलतं."

"पासवर्ड ठेवलाय?"

"नाही."

"मग माझंच," असं म्हणून ते हसले. कोणाला सांगितलं का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "त्यांनी मागितलं असेल, मी दिलं असेल. सांगायचं काय त्यात?" मला राग यायला हवा होता. आला नाही. आभार मानावेत असंही वाटलं, पण तेही मानले नाहीत.

नवा प्रोग्राम तयार झाला. त्याला ओळखपत्र मिळालं. तो फक्त त्याच लॅबचे रिपोर्ट विचारू शकतो आणि सकाळी सात ते रात्री नऊच्या वेळात दहा मिनिटं गप्प राहिला तर माझ्या मोबाईलवर मेसेज येतो. नोंदणी करताना फॉर्मवर 'मालक' असा रकाना होता. सर म्हणाले, टीमचं नाव टाका. मी माझं नाव टाकलं. यात शहाणपण होतं की नाही, मला माहीत नाही. आता रविवारीही मोबाईल जवळ ठेवावा लागतो.

पुढच्या महिन्यात बारकोडवाल्या तुकड्यावर स्ट्रिक्ट मोड लावायचा होता. तिथला नकाशा स्वच्छ होता, सगळ्या चौकोनांवर नावं होती. तरी मी दोन दिवस मागून घेतले आणि तो तुकडा वापरणाऱ्या एकेका लॅबला फोन केला. विचारलं, आमच्याकडून तुम्हाला जे काही मिळतं, त्यातलं एखादं बंद पडलं तर तुम्हाला कसं कळेल? बहुतेकांना प्रश्नच कळला नाही. कोणी म्हणालं, काही बंद पडणार आहे का? बदलापूरच्या एका लॅबमधल्या बाईंनी मात्र नीट विचार केला.

"तुम्ही सांगालच की," त्या म्हणाल्या.

मी "हो" म्हणाले, आणि त्यांचा नंबर माझ्या स्वतःच्या वहीत उतरवून घेतला.