टँकरजवळची वाळू

महानंदा गेली त्या दिवशी टँकर दुपारी आला. नंबरावरून भांडण झालं. एकाने चाकू काढला. सगळे मागे सरले, ती पुढे झाली.

एवढं आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामागचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तेही मला नीट कळत नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि विहिरी आटल्या होत्या. मी शाळेत मराठी शिकवायचो. त्याआधी नांदेडला बरीच वर्षं कराटे शिकलो, शिकवलंही. पाण्यासाठी पोरीबाळींना आडवाटेनं लांब जावं लागे, म्हणून शाळेच्या मैदानावर त्यांच्यासाठी वर्ग काढला. हेतू चांगला होता — असं म्हणू का? नको.

सोबतीला तालमीतले लाठीचे उस्ताद होते. माझे पवित्रे पाहून त्यांना हसू यायचं. "मास्तर, वरातीतल्या घोड्यावानी नाचून राहिले तुम्ही," म्हणायचे. एकदा मात्र हसले नाहीत. "चाकू दिसला की पळायचं, हे आधी शिकवा. बाकी समदा तमाशा हाय."

मला ते पटलं होतं. पटलं नसतं, तर आज लिहायला बसलो नसतो.

पण नवे कलेक्टर आमच्या वर्गाच्या कार्यक्रमाला येणार होते. पळण्याला टाळ्या कोण वाजवतं? मनगट धरून चाकू हिसकावला की वाजवतात. आणि प्रात्यक्षिकाची एक रीत असते, बघणाऱ्यांना ठाऊक नसलेली — चाकू धरणारा ऐन वेळी मूठ सैल सोडतो. जोडीदारांनी आपसात तसं ठरवलेलं असतं.

महानंदासमोर लाकडी चाकू मी धरायचो. अप्पांची मुलगी, अप्पांचं आमच्या गल्लीत किराणा दुकान. कॉलेज करून ती दुकान सांभाळायची आणि वर्ग कधी चुकवायची नाही. तिच्याशी मी काहीच ठरवलं नव्हतं. नुसतीच मूठ सोडत होतो.

तिला शंका आली होती. एका संध्याकाळी चाकू हिसकावून झाल्यावर तो हातात घेऊन ती थांबली.

"सर, खरं सांगा. मूठ सैल तर नाही ना सोडून राहिले तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

"मग जमलं की मला!"

केवढी हसली ती — आणि मीही हसलो. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? रुसली असती. कार्यक्रम जरा फिका पडला असता. आणखी काय?

कार्यक्रमात टाळ्या पडल्या. कलेक्टरांनी तिचं नाव विचारलं. त्याच उन्हाळ्यात ती टँकरपाशी पुढे झाली.

पाहणाऱ्यांनी मला सांगितलं — तिनं मनगट धरलं, अंग वळवलं, अगदी मैदानावर करायची तसंच. त्याची मूठ सुटली नाही.

माती दिल्यावर अप्पांनी माझा हात धरला. "सर, तुम्हीच शिकवलं तिला. काय चुकलं हो माझ्या पोरीचं?"

उस्ताद शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "टँकरपाशी चिखल असतो, अप्पा," मी म्हणालो. "पाय घसरला असेल तिचा."

अख्ख्या गावात ओल तेवढ्याच जागी होती — आणि मला तीच सापडली.

अप्पांनी मान हलवली. उस्ताद मात्र वर्गाला परत आले नाहीत. पुढच्या वेळी टँकर आला तेव्हा अप्पा घमेलं घेऊन आले आणि चिखलावर वाळू पसरू लागले. "दुसऱ्या कुणाची पोर घसरायला नको," म्हणाले. त्यानंतर दर टँकरला ते आले. मी रांगेत उभा राहून पाहत असे.

आता त्या जागी नळ आहे. अप्पा काठी टेकत येतात, नळाखाली मूठमूठ वाळू टाकतात. मी घागर घेऊन गेलो की बाजूला होतात.

"जपून, सर," म्हणतात.