काळी-पिवळी, एक चोवीसांश

कवळ्या बनवणं हा माझा धंदा. घर डोणगावला, कामाची खोली मेहकरात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि मी त्यावर दात बसवून परत करतो. मोटारींची छोटी मॉडेलं करणं हा छंद, आणि दोन्ही एकाच टेबलावर चालतं, ही मुळातली चूक. एकदा एका निवृत्त तलाठ्यांच्या दाढेवर पिवळ्या रंगाचा ठिपका राहून गेला. त्यांनी तक्रार नाही केली. जेवताना घरचे फार निरखून पाहतात, एवढंच म्हणाले.

खऱ्या गाडीच्या चोवीसपट लहान, म्हणजे साधारण वीतभर, असं माझं माप. बंपर कवळीच्या तारेचा, काचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या, रंगाला बायकोच्या ड्रॉवरमधली सगळ्यात बारीक कुंचली. लोक येतात, वाकून पाहतात आणि म्हणतात, एवढ्या मेहनतीत खरी आली असती. माझं डोकं फिरतं. खरी आहे ना! दारात उभी आहे, पांढरी, पाच सीटची. माझे बाबा तिच्यात बसत नव्हते, दुखणं ते होतं.

बाबांनी अठ्ठावीस वर्षं डोणगाव-मेहकर काळी-पिवळी जीप चालवली. नियमानं माणसं नऊ बसायची, बाबांच्या नियमानं सतरा. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरली हे फक्त बाबा ठरवायचे. ते स्वतः अर्धे सीटवर अन् अर्धे बाहेर, कारण त्यांच्या उजव्या बाजूलाही एक सवारी असायची. त्या बाजूचं दार कधी लागलंच नाही, दोरीनं बांधलेलं असायचं. पुढं परमिट संपलं, गाडी अंगणात उभी राहिली, आणि कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. तरी बाबा रोज सकाळी फडक्यानं तिची काच पुसायचे.

चार वर्षांमागं बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अकोल्याला गेले. तेवढ्यात भंगारवाला दारावरून चालला होता. अंगण मोकळं होईल, म्हणून मी गाडी देऊन टाकली. विचारलं नाही. बाबा काळा चष्मा लावून परत आले, अंगणात उभे राहिले, आणि मला वाटलं की चष्म्यामुळं त्यांना नीट दिसत नसेल. इतका मी मूर्ख.

"गाडी कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

दिली म्हणून सांगितलं. "बरं," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

भांडण नाही, अबोला नाही. जेवताना भाजीत मीठ कमी आहे हेही ते मलाच सांगायचे. फक्त मी चालवतो त्या गाडीत बसणं बंद झालं. मेहकरला डोळे दाखवायला जायचं तर मी कारनं जायचो आणि ते एसटीनं. मी स्टँडवर जाऊन उभा राहायचो. ते उतरायचे, माझ्याकडं पाहायचे आणि म्हणायचे, "लवकर आला." मग दवाखान्यापर्यंत आम्ही सोबत पायी जायचो. दर महिन्याला हेच. बायको म्हणायची, माफी मागून टाका. मी दोनदा मागितली. दोन्ही वेळा ते म्हणाले, "काऊन? काय झालं?"

म्हणून मी ती गाडी बनवायला घेतली. खरी परत आणणं हातात नव्हतं, वीतभर तरी आणू.

अडचण ही की फोटो एकच होता, तोही कोणाच्या तरी लग्नातला. गाडी झेंडूच्या माळांनी एवढी झाकलेली की वाहन आहे का मांडव ते कळत नव्हतं. मग मी जुन्या सवाऱ्यांना विचारायला लागलो, आणि तिथून सगळं हाताबाहेर गेलं. भाजी विकायला मेहकरला जाणाऱ्या एक मावशी होत्या, वीस वर्षं मधल्या सीटवर बसलेल्या. त्यांनी शपथेवर सांगितलं की डाव्या दारावर पोचा होता. शाळेतून रिटायर झालेले एक गुरुजी कायम मागं बसायचे. ते म्हणाले, पोचा उजव्या बाजूला. दोघांनी माणसं जमवली. आठ दिवसांत आमच्या ओट्यावर संध्याकाळी पंधरा-वीस जण बसायला लागले आणि गावात डावे आणि उजवे असे दोन पक्ष झाले. ज्यांनी त्या गाडीत आयुष्यात पाय ठेवला नव्हता तेही तावातावानं बोलायचे. चहा करून करून बायकोच्या नाकी नऊ आले. तिनं एक दिवस जाहीर केलं की ती पक्की उजवी आहे, कारण गुरुजी बिनसाखरेचा पितात.

बाबा तिथंच खाटेवर शेंगा फोडत बसलेले असायचे. बघायचे नाहीत, बोलायचे नाहीत. मॉडेल त्यांच्यापासून दोन हातांवर असायचं. मी मुद्दाम तसं ठेवायचो. महिना गेला, शेंगा संपल्या, बाबा ढिम्म. मी मनातून खचलो होतो, खोटं कशाला बोलू.

शेवटी मी दोन्ही दारांवर पोचा पाडला, भांडणच नको. दोरीनं बांधलेल्या दारासाठी दातांत फिरवायचा दोरा वापरला. सीटसाठी मात्र रेग्झीनसारखं काही सापडेना, तर हिरड्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक घातलं. फार वाईट दिसलं. सतरा माणसं कुणाच्या तरी तोंडात बसायची आहेत असं वाटत होतं. मी खिडकीचं इवलंसं हँडल बसवत होतो, इतक्यात खाटेवरून आवाज आला.

"हँडल नव्हतं त्याले. पक्कड होती."

खरंच, हँडल तुटल्यापासून काच वरखाली करायला बाबा तिथं पक्कड अडकवून ठेवायचे. मी हँडल काढलं आणि तारेची पक्कड करायला घेतली. बाबा उठून जवळ येऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सीटचा रंग सांगितला, तिसऱ्या दिवशी आरसा तिरपा करायला लावला, आणि चौथ्या दिवशी मी त्यांचा मदतनीस झालो होतो. पोचा कुठल्या बाजूला होता हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. "दोघंबी गिऱ्हाइक हाय," म्हणाले.

गाडी पूर्ण झाली तेव्हा खामगावला छंदांचं एक प्रदर्शन होतं. नाव नोंदवलं. अकरापर्यंत पोचायचं होतं, अकोल्याहून परीक्षक येणार होते. पण पूजेशिवाय गाडी घराबाहेर काढायची नाही, हे बाबांचं ठाम. नवी गाडी लिंबावरून न्यायची असते. आता माझ्या मॉडेलचं चाक तीन सेंटिमीटरचं, लिंबू त्याहून मोठं. चाकाखाली ठेवलं तर गाडी मागच्या मागं उलटत होती. बाबांनी विचार केला, आत गेले आणि हरभऱ्याचा भिजवलेला दाणा घेऊन आले. नारळाच्या जागी सुपारी फोडली. हाराला झेंडूची एक पाकळी. बाबांनी दोन बोटांनी गाडी पुढं ढकलली, दाणा चिरडला, आणि भाजीवाल्या मावशींनी मनापासून हात जोडले. हसलो एकटा मीच, तर सगळ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीही जोडले.

मग मी मॉडेलचं खोकं कारच्या पुढच्या सीटवर ठेवलं. बाबा दाराशी आले.

"तुह्या ब्रेकवर माहा भरोसा नाई," ते म्हणाले. "मी धरतो."

आणि बसले. चार वर्षांनी. खोकं मांडीवर घेतलं, धोतर सावरलं, दार ओढून घेतलं. उतरतील या भीतीनं मी लगेच गाडी सुरू केली.

फाट्यावर पोचलो तर म्हणाले, थांब. मला वाटलं लघवीला. ते काच खाली करून बसून राहिले. मी विचारलं, काय झालं?

"गाडी भरली नाई."

मी सांगितलं की ही टॅक्सी नाही, अकराला पोचायचंय. ऐकलंच नाही त्यांनी. मुंडकं बाहेर काढून ओरडले, "मेहकर, मेहकर, मेहकर!" पानटपरीवरची तीन डोकी एकदम वळली. आधी भाजीवाल्या मावशीच आल्या, टोपल्यासकट. मग जानेफळचं एक जोडपं. मग जनावरांसाठी सरकीच्या ढेपेचं पोतं घेतलेला एक माणूस, त्याच्यामागं गुरुजी, ज्यांना कुठंही जायचं नव्हतं. पाच सीटच्या गाडीत आम्ही सात झालो. मागून कुणीतरी गुदमरत म्हणालं की आता निघा, तर बाबा म्हणाले, अजून एक बसते. पाऊण तास गेला. एक बसला. माझ्या उजव्या बाजूला बसला. दार लागेना, मग मावशींनी टोपल्याची दोरी दिली.

मेहकर आलं, जानेफळ आलं. लोक उतरले, दुसरे चढले. मी अठ्ठावीस किलोच्या ढेपेला टेकून गिअर बदलत होतो. खामगावला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. परीक्षक जेवून परत गेले होते. पहिलं बक्षीस काड्यापेटीच्या काड्यांच्या देवळाला मिळालं. तिथल्या माणसानं तरी आमचं खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाला, काम बारीक आहे, पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार नीट बसलेलं नाही. बाबा एवढे खूश झाले की त्यांनी त्याला पाणी पाजलं.

परत निघताना गाडी रिकामी होती. बाबा न सांगता पुढं बसले, खोकं मांडीवर. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर जिनिंग मिलमध्ये जाणारी कापसाची गाडी अडकली होती, तिच्याकडं पाहत ते म्हणाले, "तू इचारलं असतं, तं मी देऊन टाक म्हटलं असतं. कोंबड्यायनं लय घाण केली होती."

एवढंच होतं. चार वर्षं एवढंच होतं. मी रुमाल शोधला, तो ढेपेच्या पोत्यासोबत गेला होता. नाक शर्टाच्या बाहीला पुसलं आणि म्हटलं, "बाबा, आता इचारतो. निघू का?"

त्यांनी मागं वळून रिकाम्या सीटकडं नीट पाहिलं.

"नाई," ते म्हणाले. "आवाज दे."

मी काच खाली केली.