बाबाजान आणि बटनावरचा लुडो

मिरजगावात हायवेलगतच्या गाळ्यात बाबाजान चाळीस वर्षं सीटा शिवतात. ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या, बुलेटच्या. गिऱ्हाइकानं सांगितलेल्या मापावर त्यांनी आजवर कात्री चालवलेली नाही. "तुझं माप तुझ्या घरी," म्हणायचं, आपली टेप काढायची, एकदा या टोकाकडून मोजायचं, मग त्या टोकाकडून. रेक्झिनचा नवा रोल आला की पाठीमागून नखानं खरवडून बघणार. शरिफा, त्यांची बायको, म्हणते, "आमच्या निकाहात काझीला बी दोनदा इचारलं हुतं ह्यांनी, तुमी काझीच ना?"

म्हणून सुप्याला कंपनीत कामाला असलेल्या अमजदनं, त्यांच्या मुलानं, आपल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी, अर्शीसाठी, बटनावरचा लुडो आणला, तेव्हा काय होणार ते घराला ठाऊकच होतं.

"ह्यात फासा कुठं हाय?"

"फासा न्हाई, अब्बा. बटन दाबायचं, आकडा आपोआप येतो."

"आपोआप म्हंजी कोन आनतं?"

अर्शीनं तोवर बटन दाबलं होतं. आतली बाई हिंदीत "तीन" म्हणाली आणि हिरवा दिवा आपला आपण तीन घरं पुढं सरकला. बाबाजाननी डबा उलटा केला. "झाकनाला स्क्रू मारलाय. लपवायचं काय नसतं तर कशाला मारला असता?"

खरी गोष्ट अशी, की दुपारी जेवणानंतरचा तास बाबाजान आणि अर्शीचा होता. उरलेल्या रेक्झिनच्या चार रंगी तुकड्यांचा पट त्यांनी स्वतः शिवला होता, अमजद लहान असताना. त्या पटावर अर्शी रोज जिंकायची. आता त्या तासात ही बाई येऊन बसली होती.

दुसऱ्याच दिवशी बाबाजाननी बटन दाबलं, चार पडले, त्यांचा लाल दिवा सरळ जाऊन अर्शीच्या हिरव्यावर बसला. हिरवा विझला. बाई हसली.

अर्शी आजोबांकडं वळली. "दादा, लाल दिवा एक घर जास्त चालला."

"मला बी तसंच वाटलं," बाबाजान म्हणाले. चोर सापडल्याचं समाधान होतं त्यांच्या चेहऱ्यावर.

रविवारी अमजद घरी आला, तेव्हा खाटेवर दोन्ही पट शेजारी मांडलेले होते. "ये, तुझ्या मशीनची चोरी दावतो. लाल सोंगटी हितं, हिरवी तिच्या म्होरं चार घरं. पडले चार. मोज गं, अर्शी."

अर्शीनं लाल सोंगटीच्याच घरावर बोट ठेवलं. "एक." मग पुढं. "दोन, तीन, चार." बोट हिरव्याच्या अलीकडच्या घरात थांबलं.

"बघ. मरती का?"

"ज्या घरात उभी हाय ते एक कसं होईल, बेटा? पुढचं घर एक," अमजद म्हणाला.

"दादा असंच मोजतात."

अमजदनं वडलांकडं बघितलं. "अब्बा, तुमी माझी सोंगटी पन कधी मारली न्हाई."

तांदूळ निवडणाऱ्या शरिफानं मान वर केली नाही. "तुझ्या बहिनीची बी न्हाई. जगाला टेप दावनारा मानूस. पोरांम्होरं एक घर खातो."

बाबाजान पटाची सुरकुती सारखी करत होते. सुरकुती नव्हती.

"म्हंजी मी जिंकत नव्हते, दादा?"

बाबाजान सोंगट्या गोळा करायला लागले.

"तुमी जिंकवत हुता." तिनं मशीन उचललं आणि पाठ करून बसली.

दोन दुपारी ती एकटीच खेळली. मशीननं तिचे दिवे धडाधड मारले, ती रडली नाही. "ही खरं मोजती," असं दादीला सांगायची, पण आवाज बाबाजानच्या खाटेपर्यंत पोचेल असा.

तिसऱ्या दुपारी त्यांनी रेक्झिनचा पट अंथरला. "ये. बरोबर मोजतो."

ती आली, पण विश्वासानं नाही. त्यांची प्रत्येक चाल ती आपल्या बोटानं पुन्हा मोजत होती, उलट्या टोकाकडून. असं कुणाकडून शिकली ते सांगायला नको. मग बाबाजानना चार पडले. पुढं चौथ्या घरात अर्शीची हिरवी. तिची नजर त्यांच्या अंगठ्यावर.

त्यांनी पुढच्या घरापासून मोजलं. एक, दोन, तीन, चार. हिरवी उचलली आणि तिच्या घरात परत नेऊन ठेवली. पोरीची सोंगटी मारायची हाताला सवय नव्हती.

अर्शीनं मागून मोजून घेतलं. "बरोबर," म्हणाली.

डाव पुढं सरकला. अर्शीची दुसरी सोंगटी निघाली. तिला पाच पडले. बाबाजानची लाल नेमकी पाच घरं पुढं. त्यांनी मनातल्या मनात आपली सोंगटी गेली असं धरलं.

अर्शीनं स्वतःच्या सोंगटीच्या घरावर बोट ठेवलं. "एक."

आणि लालच्या अलीकडं थांबली.

बाबाजाननी चष्मा लावला. पोरीची मोजायची जुनी सवय, की मुद्दाम सोडलं तिनं? "परत मोज."

"मोजलं, दादा. तुमची पाळी."

चेहरा असा साधा, की त्यावरून काही वाचता येऊ नये. बाबाजाननी फासा हातात घेतला, पण टाकला नाही. बराच वेळ ते तिच्याकडं बघत राहिले, नव्या रोलकडं बघतात तसं.