देवांखालचा चौरंग

आमच्या गावच्या सभागृहात, भाषणाच्या उंच मेजामागे एक शिसवी चौरंग असतो. हत्तीनं लाथ मारली तर हत्तीच लंगडेल इतका जड. जिल्ह्यातून संसदेत गेलेल्या पहिल्या बाई, आमच्या ताई, त्यावर उभ्या राहून बोलायच्या.

पहिल्या सभेत तो नव्हता. पुरुषांच्या मापाच्या त्या मेजामागे ताई अख्ख्या बुडाल्या. मागून मीच ओरडलो, "अहो, माइक एकटाच बोलतोय." लोक असे हसले, की छपराची कौलं शेजारच्या तालुक्यात जाऊन पडली. ताई थांबल्या. म्हणाल्या, "हसून झालं की सांगा. मी इथेच आहे."

पुढच्या सभेला त्या देवघरातला चौरंग काखेत मारून आल्या. "देवांना सांगून आलेय, थोडं जमिनीवर बसा."

पुढं त्या दिल्लीला गेल्या, गाजल्या, वारल्या. चौरंग सभागृहातच राहिला. त्यांच्यामागे इथून एकही बाई गेली नाही. येणारा प्रत्येक वक्ता चौरंग पायानं सारतो आणि सभागृह झाडणारे धोंडूमामा तो परत जागेवर ठेवतात.

एकदा मी म्हणालो, "मामा, ताई गेल्या की."

"त्या गेल्या. पुढची यायचीय ना?"

काल ताईंच्या स्मृतिसभेत मी बोलायला उभा राहिलो आणि सवयीनं चौरंगाला पाय लावला. तो करकरला आणि कानाशी स्वच्छ ऐकू आलं, "हसून झालं की सांगा."

माझ्या थापा गाव आवडीनं ऐकतं. हे मात्र कुणाला पटायचं नाही. मी चौरंग जागेवर ठेवला आणि न बोलताच खाली उतरलो. हसून तर केव्हाच झालं होतं. ताईंना सांगायचं तेवढं राहून गेलं.