अण्णांची अकरा तऱ्हांची कादंबरी

दुष्काळात पीक येत नाही, पण किस्से मात्र उदंड पिकतात! आमच्या तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात त्या साली खरेदीला माल नव्हता, मग विक्रीला कुठून असणार? हेडक्लार्क अण्णांनी कादंबरी लिहायला घेतली. साधीसुधी नाही, प्रायोगिक! पहिलं प्रकरण भारूड, दुसरं पंचनामा, तिसरं सभेचं इतिवृत्त. अण्णा म्हणायचे, "आयुष्य काय एकाच फॉर्मवर भरता येतं व्हय?"

वाचनाला श्रोते आम्हीच. शिपाई धोंडिबा तेवढा उशिरा यायचा. त्याच्या वाडीची विहीर आटली होती. दोन कोसांवरून पाणी आणून मगच गडी ड्यूटीवर.

*

एकदा चेअरमनसाहेब वाचनाला बसले. भारुडाला डुलकी लागली, पंचनाम्याला घोरायला लागले. "ठराव क्रमांक एक" ऐकताच मात्र खाडकन जागे झाले आणि हात वर करून म्हणाले, "मंजूर!"

*

टायपिस्ट कांबळे भलता चोखंदळ. "अण्णा, बैल मेला हे ठीक. पण पंचांच्या सह्या कुठंयत?"

अण्णांनी तिथल्या तिथं माझी आणि वॉचमनची सही घेतली. न जन्मलेल्या त्या बैलाच्या मरणाला मी आजही साक्षीदार आहे!

*

अण्णांनी येडशी स्टेशनवरून पुण्याच्या एका प्रकाशकाला झालेल्या प्रकरणांचं पार्सल केलं. ते परत आलं. सोबत चिठ्ठी : "ही कादंबरी आहे की फाइल?"

अण्णांना फार लागलं. चार दिवस चहा घेतला नाही. मग उत्तर टाइप करायला दिलं : "विषय : कादंबरी असल्याबाबत." सोबत चेअरमनचा दाखला!

*

दहावं प्रकरण म्हणजे टँकरचा अर्ज. गाव निर्मळवाडी, सरपंच रंगनाथ, दोन्ही अण्णांच्या डोक्यातले. धोंडिबानं टेबलावरचे कागद डाकेत टाकले, त्यात हाही गेला. धोंडिबाच्या वाडीचे तीन अर्ज तोवर त्रुटी काढून परत आले होते. अण्णांच्या अर्जात एकही त्रुटी निघाली नाही.

आठवड्यानं भरलेला टँकर दारात! ड्रायव्हर विचारतोय, "निर्मळवाडी कुठं आली?"

आम्ही अण्णांना हाक मारेपर्यंत धोंडिबा केबिनमध्ये चढूनसुद्धा बसला. "चला, म्या दावतो."

संध्याकाळी तो थेट अण्णांपुढं उभा. "अण्णा, फेरीच्या वहीत रंगनाथ सरपंचाची सही म्या केली. टँकर उद्या बी येतोय."

अण्णा हादरले. "अरे, रंगनाथ पुढच्या प्रकरणात मरतो!"

धोंडिबानं हात जोडले. "पाऊस पडस्तोवर त्याला मारू नगा, अण्णा. वाडीत लई लेकरं हायत."