बिननावाचा रहिवासी

गॉलवेच्या पश्चिमेला बॅलिनकारा नावाचं गाव आहे. तिथलं ग्रंथालय डर्व्हला मॅकहेल बावीस वर्षं सांभाळत होती. आपला पणजोबा कुठल्या बोटीनं अमेरिकेला गेला हे विचारायला लोक पाद्र्याआधी तिच्याकडे येत. त्यामुळे २००६ साली विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथली जुनी दप्तरं संगणकावर घ्यायचं ठरवलं, तेव्हा मदतीला तिलाच बोलावलं. बाप्तिस्म्याची वही, दफनाची वही आणि जुन्या सुईणीची रोजनिशी तिनं तीन महिने बसून ओळीनं भरली.

संशोधकांचा म्होरक्या आक्सेल. जर्मनीहून आलेला, तिशीतला, अघळपघळ स्वेटर घालणारा. त्याला यंत्रात दोन भाषा एकत्र नांदवायच्या होत्या. एक ऑन्टॉलॉजीची. जगात काय असतं आणि कशाचं कशाशी नातं, ते ही सांगे. प्रसूती झाली म्हणजे कुणीतरी जन्मलंच, मग नाव ठाऊक असो वा नसो. दुसरी नियमांची. जो एखाद्या घरात जन्मला आणि ज्याच्या मरणाची किंवा गाव सोडल्याची नोंद सापडत नाही, तो तिथेच राहतो, असं ती धरून चाले.

ऑक्टोबरात दोन्ही पहिल्यांदा जोडल्या. डर्व्हलानं सहज आपल्या घरात कोण राहतं ते विचारलं. पडद्यावर तिच्या आईचं नाव आलं, सॉरखा. मग तिचं स्वतःचं. आणि त्याखाली आणखी एक ओळ.

नाव नाही. सॉरखाचं अपत्य. डर्व्हलाचं भावंड. हयात.

"हा कोण रे?" तिनं विचारलं.

आक्सेलनं माग काढला. सुईणीची रोजनिशी, ३ नोव्हेंबर १९५१: मॅकहेलांकडे प्रसूती. पुढे कुठेच काही नाही. "एक भाषा म्हणते मूल झालं. दुसरी म्हणते, मेल्याची नोंद नाही, म्हणजे जिवंत आहे. दोघींनी मिळून माणूस उभा केला. तुम्ही मनावर घेऊ नका. हा नुसता निष्कर्ष आहे."

"पत्ता माझ्या घराचा आहे," डर्व्हला म्हणाली.

ती घरी आली तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ते नेहमीच उघडं असे. पण त्या दिवशी ते कुणीतरी आतून उघडून ठेवल्यासारखं वाटलं, आणि तिथून जाताना तिची पावलं आपोआप हळू पडली.

सॉरखा चुलीपाशी सोडा ब्रेडला लोणी लावत होती. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट.

"आई, एक्कावन्न साली आपल्याकडे सुईण कशाला आली होती?"

सुरी थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

"यंत्रानं. ते म्हणतं माझं एक भावंड आहे."

"आहे म्हणतं? होतं नाही म्हणत?"

"आहे म्हणतं. इथंच राहतं म्हणतं."

म्हातारीनं सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला वाटायचं, एवढं मला एकटीलाच कळतं."

मुलगा होता. जन्मला तो न रडताच. बाप्तिस्मा नाही, म्हणून चर्चच्या आवारात जागा नाही. बापानं साबणाच्या खोक्यात घालून त्याला समुद्राकडच्या किलीनमध्ये पुरलं. तसल्या मुलांची ती जागा. सॉरखाला कुणी सोबत नेलं नाही, आणि नाव ठेवायचं असतं हेही कुणाला सुचलं नाही. "पंचावन्न वर्षं मी मागच्या खोलीचं दार लावलेलं नाही," ती म्हणाली. "लावायला गेलं की हात धजत नाही."

दुसऱ्या दिवशी आक्सेलनं तोडगा आणला. नियम फक्त नाव असलेल्यांनाच लागू करायचा. तसं केलं नाही तर माणसामागं त्याची आई, तिची आई, अशी यंत्र बिननावाची माणसं जोडतच बसेल, कधी थांबायचंच नाही. "मग ही ओळ दिसणार नाही."

"म्हणजे तो आमच्या घरातून जाईल?"

"उत्तरातून जाईल."

"अशी आणखी किती आहेत?"

त्यानं यादी काढली. गावभर एकेचाळीस. सगळी हयात.

"मला वसंतापर्यंत वेळ दे, बाबा," ती म्हणाली.

सॉरखानं आपल्या मुलाचं नाव फेहीन ठेवलं. डर्व्हलानं त्याच दिवशी ते भरलं, पुढे मरणाची तारीख घातली, आणि यंत्रानं त्याला निमूटपणे मृतांत नेलं. मग हिवाळाभर ती दारोदार हिंडली. कुणी चहा दिला, कुणी "तू आता मढीही उकरायला लागलीस का?" म्हणून दार लोटलं. फेहीन धरून एकोणीस नावं मिळाली. उरलेल्यांविषयी विचारायला कुणी उरलंच नव्हतं. मार्चमध्ये आक्सेलनं नियमाला बंधन घातलं आणि ती बावीस जणं एका क्षणात दिसेनाशी झाली.

त्याच आठवड्यात आईला हाताला धरून डर्व्हला किलीनवर गेली. गवतात बिनअक्षरी दगड पसरलेले होते. सॉरखा एका दगडापाशी बसली, आपलाच म्हणून, आणि डर्व्हला बाकीचे मोजत गेली. दोनदा मोजले. यादीत एकेचाळीसच होती; दगड अठ्ठावन्न भरले.